वाचकांचे प्रश्न : पिकात उतरलेला तणमोर

जुलैच्या अंकात आम्ही वाचकांना विनंती केली होती की, पावसाळ्यात शेतात किंवा माळावर तणमोर दिसल्यास, किंवा तो असावा अशी शंका आल्यास, आम्हांला लिहावे. आलेल्या पत्रांत पश्चिम विदर्भातील शेतकऱ्यांची पत्रे सर्वांत जास्त आहेत आणि ते स्वाभाविकच आहे, कारण महाराष्ट्रातील या पक्ष्याच्या अलीकडच्या बऱ्याचशा नोंदी अकोला आणि वाशीम या जिल्ह्यांतल्या आहेत. माळढोकाच्या कुळातील हा सर्वांत लहान पक्षी भारतीय उपखंडाबाहेर कोठेही आढळत नाही. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या सोयाबीनच्या वावरात काही दिवसांपासून सकाळी एक काळा पक्षी पिकातून सरळ वर उडी घेतो आणि पुन्हा पिकात दिसेनासा होतो. उडीच्या वेळी बेडकासारखा आवाज येतो. गावात कोणी त्याला मोराचे पिल्लू म्हणतात, कोणी टिटवी म्हणतात. हा तणमोर असेल का?
— शेतकरी वाचक, रिसोड तालुका, जि. वाशीम

उत्तर : काळा रंग, जागच्या जागी घेतलेली उंच उडी आणि तिच्याबरोबर येणारा बेडकासारखा आवाज या तिन्ही गोष्टी एकाच पक्ष्यात तुम्ही पाहिल्या असतील, तर तो विणीच्या काळातील नर तणमोरच असला पाहिजे. कोंबडीएवढ्या आकाराचा आणि असे वागणारा दुसरा पक्षी आपल्या शिवारात नाही. टिटवी उघड्यावर वावरते आणि माणूस दिसताच ओरडत डोक्यावर घिरट्या घालते, तर मोराचे पिल्लू आईच्या मागे चालत असते आणि ते अशा उड्या मारत नाही.

पावसाळा सुरू झाला की नराचे डोके, मान आणि पोट गर्द काळे होते, पाठीवर तपकिरी नक्षी राहते आणि खांद्याजवळ पंखावर पांढरा भाग ठळक दिसतो. सर्वांत खात्रीची खूण म्हणजे डोक्याच्या दोन्ही बाजूंना कानामागून निघणारी, मागे वळलेली आणि टोकाशी रुंद झालेली लांब, सडपातळ पिसे होत. ती दुर्बिणीतून दिसली की शंकेला जागा उरत नाही. उडी साधारणपणे दीड ते दोन मीटर उंच असते. नर पंख वेगाने फडफडवीत वर येतो, मान मागे टाकतो, पाय आखडून घेतो आणि पंख मिटून पुन्हा पिकात उतरतो. ऐन हंगामात एक नर दिवसभरात शेकडो उड्या घेतो आणि आवाज तीनचारशे मीटरपर्यंत ऐकू जातो. उंच गवतात वावरणाऱ्या मादीला आपण दिसावे आणि शेजारच्या नराला आपली हद्द कळावी, यासाठी हा सारा खटाटोप असतो. नराचे वजन सुमारे ५०० ग्रॅम, तर मादीचे ७०० ग्रॅमहून अधिक भरते. नराला हलके राहणे का भाग आहे, हे या उड्या पाहिल्यावर लक्षात येते.

नर ठरावीक जागेवरूनच पुन्हा पुन्हा उड्या घेत असल्यामुळे तुम्हांला पिकात शिरण्याची गरज नाही. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभे राहून मोबाइलवर थोडे चित्रीकरण करावे, तारीख, वेळ, पीक आणि पिकाची उंची वहीत लिहून ठेवावी आणि वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. त्या बाजूची डवरणी किंवा फवारणी काही दिवस पुढे ढकलता आली तर जरूर ढकलावी.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. माळरानावर अनेकदा जाऊनही मला तणमोर दिसलेला नाही. त्याला शोधायचे कसे? आणि नर उड्यांमुळे ओळखता आला, तरी मादी कशी ओळखावी?
— विद्यार्थिनी वाचक, अकोला

उत्तर : पहिला चांगला पाऊस होऊन गवत वाढू लागले की नर येऊ लागतात आणि जुलै ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा हा त्यांना पाहण्याचा खरा काळ असतो. उजाडल्यापासून उन्हाचा चटका लागेपर्यंत आणि पुन्हा संध्याकाळी उड्या जास्त असतात. ढगाळ दिवशी त्या दुपारीही चालू राहतात. या पक्ष्यासाठी सर्वांत निरुपयोगी पद्धत म्हणजे गवतातून चालत सुटणे, आणि बहुतेक नवखे निरीक्षक नेमके तेच करतात. तणमोर माणसाची चाहूल लागताच जागीच दबून बसतो किंवा मान खाली घालून पिकाच्या ओळींतून दूर पळतो, त्यामुळे तुम्ही त्याच्या जवळून गेलात तरी तुम्हांला काहीच दिसत नाही आणि मादी घरट्यावर असल्यास ती मात्र अंडी सोडून उठते. त्याऐवजी रस्ता, मचाण किंवा उंच धुरा अशी जागा निवडावी, आधी बराच वेळ केवळ आवाज ऐकावा आणि मग गवताच्या शेंड्यांवरून दुर्बीण हळूहळू फिरवावी. अखंड पसरलेल्या दाट पिकापेक्षा मूग-उडदाचे वावर आणि त्याला लागून असलेला पडीकाचा किंवा ई-क्लासचा (सरकारी गायरानाचा) गवताळ तुकडा, अशी सरमिसळ असलेली ठिकाणे निवडावीत. गवत गुडघ्याच्या आसपास, पण पक्ष्याला चालता येईल इतके विरळ असावे.

मादीची ओळख खरोखरच अवघड आहे. ती वाळूच्या रंगाची आणि काळ्या-तपकिरी रेघोट्यांची असते. तिची बारीक लांब मान आणि लांब पिवळसर पाय यांवर लक्ष ठेवावे. तित्तिराची मान आखूड आणि अंग गोल असते, लांडोरीच्या वाढत्या पिल्लाच्या डोक्यावर तुरा असतो आणि करवानकाचे मोठे पिवळे डोळे दुरूनही लपत नाहीत. ओल्या मातीत पाऊलखुणा मिळाल्या, तर तणमोराला मागचे बोट नसते हे लक्षात ठेवावे. मोर आणि तित्तिर यांना ते असते. करवानकालाही मागचे बोट नसल्यामुळे केवळ पाऊलखुणेवरून निष्कर्ष काढू नये. विणीचा हंगाम संपल्यावर नरही मादीसारखाच दिसू लागतो, मात्र त्याच्या पंखावरील पांढरा भाग बराचसा टिकून राहतो.

तणमोर न दिसलेल्या तुमच्या फेऱ्याही वाया गेलेल्या नाहीत. तणमोराची गणना मुख्यतः उड्या घेणाऱ्या नरांवरून केली जाते, त्यामुळे एखाद्या माळावर योग्य हंगामात, योग्य वेळी पुरेसा वेळ थांबूनही नर आढळला नाही, ही नोंद अभ्यासकांना तितकीच उपयोगी असते. ठिकाण, वेळ, पाऊस आणि गवताची स्थिती यांसह ती जपून ठेवावी.

प्रश्न : मला उडी घेतानाचे छायाचित्र मिळाले आहे. ते गावाच्या नावासह समाजमाध्यमांवर टाकल्यास संवर्धनाला मदत होईल का?
— छायाचित्रकार वाचक, नागपूर

उत्तर : छायाचित्र जरूर दाखवावे, पण गावाचे नाव, नकाशा आणि ओळखू येणारी पार्श्वभूमी त्यात असू नये, आणि शक्यतो हंगाम संपल्यावरच ते प्रसिद्ध करावे. नराची जागा ठरलेली असल्यामुळे गावाचे नाव कळताच दुसऱ्या दिवशी तेथे गाड्या उभ्या राहतात, आणि सतत हुसकला जाणारा नर विणीचा सारा हंगाम गमावतो. ध्वनिमुद्रित आवाज वाजवणे, ड्रोन उडवणे आणि घरट्याचे छायाचित्र घेणे या तिन्ही गोष्टी पूर्णपणे टाळाव्यात. नेमके ठिकाण वनविभागाला आणि अभ्यासकांना कळवणे पुरेसे आहे.

प्रश्न : उडीद काढताना मजूर बायकांना जमिनीवर तीन अंडी दिसली आणि जवळून एक भुरा पक्षी पळाला. आम्ही तेवढा तुकडा तसाच ठेवला आहे. पुढे काय करावे? घरच्यांना भीती वाटते की वनखात्याला कळवले तर जमिनीवर अभयारण्याचा शिक्का बसेल.
— शेतकरी वाचक, मालेगाव तालुका, जि. वाशीम

उत्तर : तुम्ही आणि त्या मजूर बायकांनी काम थांबवून जे केले, त्यापेक्षा मोठे काम या पक्ष्यासाठी दुसऱ्या कोणाला करता आले नसते. तणमोराची वीण आणि मूग-उडदाची काढणी एकाच वेळी येते, आणि अंडी पायाखाली किंवा यंत्राखाली जातात ती बहुधा याच दिवसांत.

आता अंडी कोणाची आहेत ते पाहू. तणमोर तीन ते पाच अंडी घालतो. ती हिरवट-तपकिरी असून त्यांवर गडद डाग असतात. करवानक साधारणपणे दोन अंडी घालतो, टिटवी चार, आणि तित्तिराची अंडी फिकट, बिनडागी आणि संख्येने जास्त असतात. तुमच्या तीन अंड्यांचा रंग वर सांगितल्याप्रमाणे असेल, तर ती तणमोराची असण्याची शक्यता बरीच आहे. मात्र खात्री करण्यासाठी पुन्हा पुन्हा जवळ जाऊ नये. माणसाच्या ये-जा करण्याने पडलेली वाट कुत्र्याला आणि मुंगसाला थेट घरट्यापर्यंत नेते आणि माणूस कोठे वाकून पाहतो, हे कावळा झाडावरून पाहत असतो.

अंडी उबवण्याचे काम मादी एकटीच सुमारे एकवीस दिवस करते. नर त्यात भाग घेत नाही. अंडी केव्हा घातली हे तुम्हांला ठाऊक नसल्यामुळे, ती दिसल्या दिवसापासून तीन आठवडे मोजावेत. पिल्ले बाहेर आल्यावर लवकरच आईबरोबर चालू लागतात आणि घरट्यात राहत नाहीत, तेव्हा त्यानंतर तो तुकडा काढायला हरकत नाही. राखलेला तुकडा चारी बाजूंनी उघडा पडू देऊ नये. शेजारच्या तुरीपर्यंत किंवा गवतापर्यंत पिकाचा एक पट्टा उभा ठेवावा, म्हणजे आईला न दिसता ये-जा करता येते आणि पुढे पिल्लांनाही निघून जाता येते. खूण करायची तर ती धुऱ्यावर करावी. घरट्याजवळ काठी किंवा कापड लावू नये. त्या बाजूला फवारणी करू नये आणि राखणीचे कुत्रे बांधून ठेवावे.

तुमच्या घरच्यांची भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही, कारण तिला इतिहास आहे. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, शेते, रस्ते असे सारेच आले आणि अनेक वर्षे लोकांना जमिनीच्या साध्या व्यवहारांतही अडचणी सोसाव्या लागल्या. पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातील सरदारपूर येथे १९८३ मध्ये खास तणमोरासाठी अभयारण्य झाले, तेव्हा तेथील चौदा गावांतील खाजगी शेतजमिनींच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध आले. मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी जमीन विकता येत नाही, याचा राग माणसे पक्ष्यावर धरू लागली तर त्यांना दोष कसा द्यावा? शेतजमिनीवर जगणाऱ्या पक्ष्याचे रक्षण शेतकऱ्याला अडवून होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही घरट्याची माहिती देणे आणि अभयारण्य घोषित होणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एका घरट्याच्या नोंदीने सातबाऱ्यावर काहीही चढत नाही. अभयारण्यासाठी शासनाची अधिसूचना निघावी लागते आणि जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांच्या हक्कांची चौकशी करावी लागते. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ अशी तरतूदही आली आहे. तिच्यात खाजगी किंवा गावाच्या मालकीच्या जमिनीवर मालकांच्या स्वेच्छेने संवर्धन करता येते. गावाला पुढे काही करायचे असेल तर ही वाट जास्त योग्य आहे.

तुम्ही राखलेल्या तुकड्यातील उडदाचे नुकसान तुम्ही एकट्याने सोसावे, हे मला न्याय्य वाटत नाही. मध्य प्रदेशात तणमोराची खबर देणाऱ्या शेतकऱ्यांना बक्षीस देण्याची योजना राबवली गेली. तिच्यामुळे लोकांचे लक्ष पक्ष्याकडे वळले हे खरे, पण केवळ दिसण्याबद्दल पैसे मिळाले की पक्ष्यामागे माणसांचा घोळका लागण्याचा धोका असतो. त्यापेक्षा पिल्ले निघून जाईपर्यंत राखलेल्या पिकाची भरपाई देणे अधिक उपयोगी ठरेल, आणि तशी मागणी ग्रामपंचायतीच्या ठरावाने वनविभागाकडे करता येईल. हा पक्षी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असून त्याला मारणे किंवा त्याची अंडी उचलणे यासाठी तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे, हेही गावात सर्वांना माहीत असावे.

प्रश्न : आमच्या भागात तणमोर होता असे जुने लोक सांगतात. आज देशात किती उरले आहेत आणि ते इतके कमी का झाले?
— शिक्षक वाचक, सोलापूर

उत्तर : जुने लोक सांगतात ते बरोबर आहे. नाशिक, अहमदनगर आणि सोलापूर या पट्ट्यात तणमोर पूर्वी विणीसाठी येत असे. त्याची संख्या पावसाबरोबर खूप वर-खाली होते, आणि आकडे पाहताना हे आधी लक्षात घ्यावे लागते. १९८२ मध्ये देशात सुमारे ४,३७४ तणमोर असल्याचा अंदाज होता. दुष्काळाच्या वर्षांनंतर, १९८९ मध्ये, तो १,६७२ वर आला. पाऊस सुधारल्यावर १९९४ मध्ये तो २,२०६ झाला. पक्षिशास्त्रज्ञ रवी शंकरन यांच्या त्या काळातील कामामुळे तणमोराबद्दलची आपली बरीचशी समज घडली आहे. कोइमतूरच्या सालिम अली पक्षिविज्ञान व निसर्गेतिहास केंद्राशी जोडलेल्या या अभ्यासकाचे २००९ मध्ये अकाली निधन झाले. १९९९ मध्ये अंदाज साडेतीन हजारांपर्यंत गेला होता. त्यानंतर मात्र पाऊस चांगला होऊनही पक्षी परतले नाहीत. २०१७ च्या सर्वेक्षणानंतर ही संख्या सातशेच्या आत असावी असे सांगितले गेले आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तणमोराला ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात टाकले.

पाऊस पडूनही संख्या वाढली नाही, याचा अर्थ पावसानंतर ज्या गवतात तो उतरायचा ते गवतच राहिले नाही. शासकीय दप्तरात गवताळ माळ पडीक जमीन म्हणून नोंदला गेला, आणि पडीक म्हटले की ती कोणत्या तरी कामी लावलीच पाहिजे असे ठरते. कोठे औद्योगिक वसाहत आली, कोठे खाण, कोठे सौर प्रकल्प, तर कोठे चांगल्या हेतूने केलेली वृक्षलागवड. शेवटच्या गोष्टीबद्दल मला विशेष वाईट वाटते, कारण ती शाळा-महाविद्यालयांच्या हातून होते. माळावर दाट झाडे लावली की तणमोर, धाविक, चंडोल असे उघड्या गवतावर जगणारे पक्षी तेथून जातात आणि झाडांवर बसणाऱ्या कावळ्यांना व शिकारी पक्ष्यांना खालची घरटी दिसू लागतात. आपल्या विद्यार्थ्यांना वृक्षारोपणाला नेण्याआधी ती जमीन मुळात गवताळ आहे का, एवढे आपण पाहिलेत, तर सोलापूरसारख्या जिल्ह्यात त्याचा मोठा उपयोग होईल.

प्रश्न : तणमोर राखायचा तर आम्ही सोयाबीन सोडायचे का?
— शेतकरी वाचक, बार्शीटाकळी तालुका, जि. अकोला

उत्तर : नाही. घरखर्च सोयाबीनवर चालत असताना तसे सांगणे अन्यायाचे होईल, आणि त्याची गरजही नाही. राजस्थानात अजमेर जिल्ह्यातील शोकलिया परिसर हा आज तणमोराचा सर्वांत महत्त्वाचा आसरा मानला जातो. तेथे तो मूग, उडीद, ज्वारी यांची शेते आणि मधले पडीक तुकडे यांतच वावरतो, तेव्हा शेती चालू असताना तणमोर टिकू शकतो याचे ते उदाहरणच आहे.

सोयाबीनमध्ये त्याला बाधणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. पीक एका शिवारभर सलग आणि दाट असते, धुरे नांगरून अरुंद केले जातात, उरलेल्या धुऱ्यावर तणनाशक मारले जाते आणि अळीसाठी फवारण्या होतात. तणमोर टोळ, भुंगेरे, अळ्या, सरडे आणि कोवळे शेंडे खातो. पिल्लांची वाढ तर कीटकांवरच होते. म्हणजे हा पक्षी ज्या किडी वेचून खातो, त्याच किडींवर तुम्ही खर्च करून औषध मारता. मोनोक्रोटोफॉससारखी औषधे पक्ष्यांना अत्यंत विषारी आहेत आणि फवारलेले कीटक खाऊनही पक्षी मरू शकतात. किडीची संख्या नुकसानीच्या पातळीवर गेल्याशिवाय फवारू नये, असे कृषी विद्यापीठे सांगतातच. तेवढे पाळले तरी खर्च आणि विष दोन्ही कमी होतील.

याखेरीज एक-दोन धुरे रुंद ठेवून त्यांवर मारवेल, पवन्यासारखे गवत वाढू द्यावे आणि ते दिवाळीनंतर कापावे. बैलांच्या चाऱ्यासाठी जुने लोक असेच करीत, आणि त्यांच्या राखलेल्या गवतात तणमोराची वीण निर्विघ्न पार पडत असे. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतील तर त्या उत्तमच, कारण सोयाबीन निघाल्यावरही पक्ष्यांना आडोसा उरतो. हार्वेस्टर लावायचा असेल तर तो वावराच्या मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला न्यावा. कडेकडेने फिरत आत गेल्यास पिकातील सारे प्राणी मधल्या तुकड्यात कोंडले जातात आणि शेवटच्या फेरीत सापडतात. चालकाला हे आदल्या दिवशीच समजावून सांगावे.

प्रश्न : मी फासेपारधी समाजातला आहे. आमच्या म्हाताऱ्या माणसांना तणमोराची खडान् खडा माहिती आहे. ती सांगितली तर आमच्यावरच संशय येईल का?
— तरुण वाचक, जि. अकोला

उत्तर : पक्षी कोठे दिसतो, कसा वागतो हे सांगणे हा कोणत्याही कायद्याने गुन्हा नाही. तुमच्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या जो संशय सोसावा लागला, तो पाहता हा प्रश्न तुम्हांला विचारावा लागतो, याचे मला दुःख आहे. अकोला-वाशीम भागात गेल्या काही वर्षांत तणमोराचा शोध आणि गवताची राखण यांत फासेपारधी कुटुंबांचा मोठा वाटा राहिला आहे, आणि अनुभवी अभ्यासकही ते मोकळेपणाने मान्य करतात. दबलेले गवत, विष्ठा आणि दूरचा अस्पष्ट आवाज यांवरून मादीची जागा सांगणारी नजर पुस्तकातून येत नाही. तुमच्या वडीलधाऱ्यांना विचारून कोणत्या माळावर, कोणत्या नक्षत्रात, कोणत्या गवतात तणमोर असे, हे तुम्ही स्वतः लिहून काढावे. वनविभागाकडे जाताना एकट्याने न जाता ग्रामसभेमार्फत किंवा या भागात काम करणाऱ्या संस्थेबरोबर जावे आणि या कामाचा मोबदला मिळावा, असा आग्रहही धरावा. सर्वेक्षणात वाट दाखवणारा माणूस हा त्या अभ्यासाचा भागीदार असतो, आणि अहवालात त्याचे नाव आलेच पाहिजे.

प्रश्न : पिंजऱ्यात पिल्ले वाढवून सोडता येणार नाहीत का?
— वाचक, पुणे

उत्तर : केंद्र सरकार, राजस्थान सरकार आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी माळढोकाबरोबर तणमोराच्याही बंदिस्त प्रजननाचा कार्यक्रम हाती घेतला आहे. इतकी कमी संख्या उरली असताना तो आवश्यकच आहे. पण वाढवलेले पक्षी सोडायला गवत लागेल, आणि ते आज राखले नाही तर त्या दिवशी नव्याने आणता येणार नाही.

प्रश्न : सोयाबीन निघाल्यावर हे पक्षी जातात कोठे? हिवाळ्यात त्यांच्याकडे लक्ष ठेवण्याचा काही उपयोग आहे का?
— शेतकरी वाचक, कारंजा तालुका, जि. वाशीम

उत्तर : उपयोग फार मोठा आहे, कारण तणमोराच्या आयुष्याचा हाच भाग सर्वांत कमी पाहिला गेला आहे. ऑक्टोबरपासून उड्या आणि आवाज बंद होतात, नराचा काळा रंग जातो आणि पक्षी एकेकटे दक्षिणेच्या बाजूला पांगतात. उपग्रहाशी जोडलेले टॅग लावलेले राजस्थानातील पक्षी महाराष्ट्रापर्यंत आल्याचे दिसून आले आहे. त्यामुळे विणीच्या काळात जेथे तणमोर नसतो अशा जिल्ह्यांतील शेतेही त्याच्या दृष्टीने महत्त्वाची ठरतात, आणि राजस्थानात पावसाळ्यात राखलेला पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे विजेच्या तारेला धडकून किंवा कुत्र्यांच्या तोंडी पडून जाऊ शकतो.

तुमच्या जवळच्या कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याच्या भोवतालची शेते आणि गवताचे तुकडे हिवाळ्यातही पाहण्यासारखे आहेत. तूर, हरभरा, ज्वारी किंवा उभ्या गवतातून लांब मानेचा, वाळूच्या रंगाचा पक्षी उठला, तर तो कोठून उठला, किती लांब उडाला, कोणत्या पिकात उतरला आणि पंखावर पांढरे दिसले का, एवढे त्याच दिवशी लिहून ठेवावे. तारांखाली मेलेला किंवा जखमी पक्षी आढळल्यास तो हलवण्याआधी विजेच्या खांबासह छायाचित्र घ्यावे आणि लगेच १९२६ वर कळवावे. मेलेल्या पक्ष्याच्या पायात वलय किंवा पाठीवर यंत्र असेल, तर ते काढून घेऊ नये. हिवाळ्यातील अशा नोंदी आमच्याकडे पाठवल्यास, ठिकाणाचा उल्लेख न छापता, आम्ही त्या अभ्यासकांपर्यंत पोहोचवू.